हे वाक्य प्रकाशकाचं आहे

जानेवारीच्या एक तारखेला आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जिलेबी यायची, आणि ती कुणाच्या तरी मरणाची असायची.

मी तिथं नवीन लागले होते तेव्हा मला याची काहीच कल्पना नव्हती. ग्रंथपाल सर सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आले, पुडा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "घ्या मॅडम. आज आपले एक कादंबरीकार मोकळे झाले." मला वाटलं, कुणीतरी तुरुंगातून सुटलं असेल. मग त्यांनी समजावून सांगितलं. लेखक वारला तरी पुढची साठ वर्षं त्याच्या पुस्तकावरचा हक्क वारसांकडे नाहीतर प्रकाशकाकडे राहतो. साठ वर्षं भरली आणि ते साल संपलं, की एक जानेवारीला पुस्तक सगळ्यांचं. मग ते कुणीही छापावं, कुणीही इंटरनेटवर फुकट ठेवावं. सर वर्षभर त्या दिवसाची वाट बघायचे.

मराठीतला कोणता लेखक कधी वारला हे त्यांना तोंडपाठ होतं. जन्मसाल विचारलं तर मात्र सांगता यायचं नाही. स्टाफरूममध्ये कुणी एखाद्या गेलेल्या कवीची तारीफ करायला लागलं, की हे मधेच म्हणायचे, "कवी मोठेच. पण अजून बरीच वर्षं लागतील त्यांना." एकदा स्नेहसंमेलनाला एक नामवंत, हयात कवी आले होते. सरांनी त्यांना पुष्पगुच्छ दिला आणि फार आस्थेनं तब्येतीची चौकशी केली. मी बाजूला उभी राहून घामाघूम झाले होते. यांनी आता पुढं काही बोलू नये एवढीच प्रार्थना करत होते.

मुलांनी त्यांचं नाव 'इजाजत सर' ठेवलं होतं. ते लष्करी छावणीच्या भागात वाढलेले, शेजारपाजार उर्दू बोलणारा, त्यामुळे हा शब्द त्यांच्या तोंडी कायमचा बसलेला. परवानगी म्हटलं की त्यांना शिक्का आणि अर्ज आठवायचा. इजाजत समोरच्याच्या तोंडाकडे बघून मागावी लागते, म्हणायचे. आणि मागायचेही सारखी. माझ्या टेबलावर पडलेलं कालचं वर्तमानपत्र उचलायला इजाजत. खिडकी उघडायला इजाजत. मी मान हलवली तर चालायचं नाही, तोंडानं हो म्हणावं लागायचं. दिवसातून कितीदा तरी मी हो, हो, हो म्हणायची, आणि घरी जाऊन नवऱ्यानं काही विचारलं की नाही म्हणायची.

ग्रंथालयाच्या वेबसाइटवर त्यांनी मोफत पुस्तकांचं एक दालन उभं केलं होतं. हक्क संपलेली जुनी पुस्तकं ते स्वतः पानापानानं स्कॅन करायचे. पान वाकडं आलं की परत, अंगठा दिसला की परत. ते काम खरोखर देखणं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार होती ती बाकी सगळ्याबद्दल.

कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी एखादं पुस्तक पीडीएफ करून टाकलं, की सगळे हात जोडायचे, फुलं टाकायचे, आणि खाली सरांचा मेसेज यायचा, "लेखक हयात आहेत का?" कुणीच उत्तर द्यायचं नाही. मग दुसरा मेसेज, "प्रकाशकांची इजाजत घेतली आहे का?" मग तिसरा यायचा नाही, सर ग्रुप सोडून गेलेले असायचे. प्राचार्य मला बोलावून सांगायचे, "त्यांना परत घ्या." मी परत घ्यायची. मला वाटतं त्या नोकरीतलं माझं सगळ्यात नियमित काम तेच होतं.

गेटसमोरचे झेरॉक्सवाले चाचा तर त्यांना पाहिलं की मशीनवर टॉवेल टाकायचे. सर दुकानात जाऊन कुणाला रागवायचे नाहीत, नुसते उभे राहायचे. चाचा म्हणायचे, "सर, आप बैठो, चाय पियो, पर मशीन की तरफ मत देखो. आप देखते तो बच्चे भाग जाते." सर चहा प्यायचे आणि मशीनकडे बघायचे.

लॉकडाऊनमध्ये तर मी रडकुंडीला आले. मुलं गावोगाव अडकलेली. कुणी सोयगावला, कुणी पैठणच्या बाजूला, हातात बापाचा फोन. सगळी कॉलेजं सापडेल ते पुस्तक मुलांना पाठवत होती. आमचे सर एकेका लेखकाला फोन लावत होते. "नमस्कार. मी अमुक कॉलेजचा ग्रंथपाल. आपलं पुस्तक आमच्या मुलांना तात्पुरतं ऑनलाइन द्यायला आपली इजाजत आहे का?" खूप लेखक हो म्हणाले, हे खरं. काही तर भारावले. पण लेखक हो म्हणाला की सर विचारायचे, "आणि प्रकाशक?" मग प्रकाशकाला फोन. प्रकाशक म्हणायचा, मेल करा. मेल केला की उत्तर नाही. उत्तर आलं तर 'तूर्त शक्य नाही'. पुस्तक त्यांच्या गोदामात नाही, दुकानात नाही, पुन्हा छापायचा विचार नाही, पण मुलांना वाचू द्यायचं म्हटलं की तूर्त शक्य नाही. यातला जास्त संताप कुणाचा करावा ते मला कळायचं नाही. अडवणाऱ्या प्रकाशकाचा, की मुकाट्यानं अडून राहणाऱ्या आमच्या सरांचा.

एकदा मी भांडलेच. म्हटलं, "सर, सगळ्या जगाच्या फोनमध्ये ती पुस्तकं आहेत. फक्त ग्रंथालयात नाहीत. याला काय अर्थ आहे?"

ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "तुम्ही यायच्या आधीची गोष्ट. आपली एक मुलगी पीएचडी करत होती. कुठल्याशा वेबसाइटवरची पुस्तकं वाचून निम्मा प्रबंध लिहिला तिनं. एका प्रकाशकानं तक्रार केली आणि रातोरात सगळं बंद झालं. ती आपल्या काउंटरला येऊन रडली. मला म्हणाली, सर, पान उघडं होतं, वाचता वाचता गेलं." चष्मा लावून ते पुढं म्हणाले, "मला असं पुस्तक ठेवायचंय, मॅडम, जे तिच्यासमोरून कुणाला उचलता येणार नाही."

यावर बोलण्यासारखं होतं बरंच. पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी रजिस्टर पुढं ओढलं, आणि वैताग तेवढाच राहिला.

मग गुरुजींचं प्रकरण आलं.

गुरुजी सोयगावचे. निवृत्त प्राथमिक शिक्षक, ऐंशीच्या घरातले. त्यांच्या बौद्ध वस्तीतले पहिले शिकलेले. अजिंठ्याच्या डोंगरातल्या एका गावात त्यांनी एकट्यानं शाळा चालवली होती, आणि त्या दिवसांवर उभ्या आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं होतं. पुण्याच्या एका प्रकाशकानं ते फार पूर्वी छापलं, संपलं, परत छापलं नाही. आता अचानक ते बीएच्या अभ्यासक्रमाला लागलं. आमच्या ग्रंथालयात एकच प्रत, तिची शिवण उसवलेली. मुलांच्या फोनमध्ये तिचेच कुणीतरी काढलेले तिरपे फोटो फिरत होते. मधली पानं नव्हती. मुलं तशीच परीक्षा देत होती.

सरांनी पुण्याला मेल केले. उत्तर आलं नाही. तेवढ्यात आम्हा दोघांना पुण्यात एका कार्यशाळेला जावं लागलं, तेव्हा सर मला घेऊन थेट प्रकाशकाच्या कार्यालयात गेले. मूळ मालक वारले होते. खुर्चीत त्यांचा मुलगा होता, नीटनेटका, बोलायला गोड. चहा मागवला.

"मोफत ऑनलाइन टाकलं तर आमचं पुस्तक कोण घेणार, सर?"

"तुमचं पुस्तक मिळत नाही," सर म्हणाले.

"आता नाही. पण उद्या काढू शकतो ना आम्ही."

"कधी?"

"मागणी बघून."

"मागणी आहे. अभ्यासक्रमाला लागलंय."

"हो, पण आमच्याकडे तशी नोंद नाही. दुकानदारांकडून मागणी यावी लागते."

"दुकानदार म्हणतात, पुस्तक उपलब्ध नाही."

"बरोबर आहे. ते उपलब्ध नाहीच," तो म्हणाला.

हे सगळं तो अगदी सभ्यपणे बोलत होता. सरांनी चहा संपवला, कप जागेवर ठेवायची इजाजत मागितली, नमस्कार केला. जिना उतरताना मी धुमसत होते. सर म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. गुरुजींनी सगळे हक्क कायमचे लिहून दिलेत." मी रिक्षात बसेपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

पुढच्याच महिन्यात गुरुजी स्वतः ग्रंथालयात आले. पांढरा सदरा, पायजमा, हातात काठी. बसनं आले होते.

"जयभीम, सायेब," ते सरांना म्हणाले. "माझं पुस्तक म्हणं पोरायला लागलंय. आन् पोरायला भेटत नाय. तुमी ते इंटरनेटवर फुकट टाकता म्हणं. टाका की मग."

"टाकता येत नाही, गुरुजी. इजाजत नाही."

"मी देतो की. मी लिव्हलंय, मीच सांगायलोय."

"तुमची चालत नाही."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टरकडे बघितलं.

"माझ्या पुस्तकाला माझी इजाजत चालत नाय?"

"नाही, गुरुजी," सर म्हणाले. आवाज खाली गेला होता त्यांचा. "ते तुमचं राहिलेलं नाही."

गुरुजींनी काठी मांडीवर आडवी घेतली. मी पाणी दिलं, ते प्याले. उठताना एवढंच म्हणाले, "मला वाटलं व्हतं, मी हाय तवर पोरं वाचतील." काठी टेकत गेले. मी सरांकडे वळून म्हटलं, "एक पुस्तक, सर. एकच. कोण विचारणार आहे?"  त्या दिवशी संध्याकाळी ते खिडक्या लावायला विसरले, आणि हे मी त्यांच्या बाबतीत पहिल्यांदा पाहिलं.

आठवडाभर ते कायद्याचं पुस्तक घेऊन बसले होते. मग एका दुपारी माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, हक्क वाक्यावर असतो. हकिकतीवर नसतो."

"म्हणजे?"

"गुरुजींनी पुस्तक विकलंय. आयुष्य विकलेलं नाही. ते त्यांनी परत सांगावं. वेगळ्या शब्दांत. आपण लिहून घेऊ." आणि मग, "रविवारी तुम्ही काय करता?"

रविवारी मी झोपते, असं मी त्यांना सांगितलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. त्यांना टायपिंग जमत नव्हतं.

अशा रीतीनं माझे त्या हिवाळ्यातले आणि उन्हाळ्यातले रविवार सोयगावला गेले. सकाळची बस, सिल्लोड, अजिंठ्याचा घाट, फर्दापूर, मग सोयगाव. गुरुजींचं दोन खोल्यांचं घर, पुढं अंगण, कडुनिंबाखाली खाट. गुरुजी खाटेवर, मी लॅपटॉप मांडीवर घेऊन खुर्चीत, सर समोर स्टुलावर. त्यांच्या हातात जुनं पुस्तक, मिटलेलं. ते त्यांनी जवळजवळ पाठ केलं होतं. गुरुजींच्या बायकोनं, आम्ही त्यांना आजी म्हणायचो, चहा आणून दिला आणि उंबऱ्यात बसून तांदूळ निवडायला घेतले.

गुरुजी खाकरले. ताठ बसले. "ज्या दिवशी मी शाळेत रुजू झालो, त्या दिवशी त्या गावात शाळाच नव्हती."

वाक्य सुरेख होतं. मी टाइप करायला लागले.

"थांबा, मॅडम," सर म्हणाले. "गुरुजी, हे वाक्य प्रकाशकाचं आहे."

"क्काय?"

"पुस्तकातलं पहिलं वाक्य आहे हे. जसंच्या तसं."

"माझं हाय ते."

"होतं."

गुरुजी खाटेवरून उठले आणि काठी न घेताच घरात गेले. मी सरांना म्हटलं, "चला आता, बस मिळेल." सर बसून राहिले. आजी आत गेल्या, त्यांचं काहीतरी बोलणं झालं, आणि बऱ्याच वेळानं गुरुजी बाहेर आले. तोंड लाल होतं.

"मंग कसं सांगू? दुसरं वाक्य कुठून आणू?"

"वाक्य नका सांगू," सर म्हणाले. "त्या दिवशी काय झालं ते सांगा."

गुरुजी निंबाच्या बुंध्याकडे वळले. मग सांगायला लागले. "मी डोंगर चढून गेलो. सकाळी निघालो, ऊन चढल्यावर पोचलो. शाळा देवळाच्या मंडपात भरायची. माझ्या आधीचे मास्तर तिथंच शिकवायचे. गावचे चार माणसं आले. चांगले माणसं व्हते. मला म्हणले, गुरुजी, तुमी लई शिकलेले, तुमी आमच्या लेकरायला शिकवा. पर मंडपात येऊ नका. म्हणलं मग कुठं शिकवू? ते म्हणले, ते तुमी बघा. मंग मी खाली उतरून मोहाच्या झाडाखाली जाऊन बसलो. एकलाच. दुपारपस्तोर कुणीच आलं नाय. शेजारी एक शेळी चरत व्हती, तिचीच हजेरी घेतली."

मी टाइप करत होते. सरांनी पुस्तक उघडून एक पान बघितलं आणि परत मिटलं. नंतर बसमध्ये मी त्यांच्याकडून ते मागून घेऊन वाचलं. त्या सगळ्या प्रसंगाच्या जागी तिथं छापलेलं होतं, 'काही सामाजिक अडचणींमुळे आरंभीचे काही दिवस शाळा वृक्षाखाली भरवावी लागली.' पुढच्या खेपेला मी गुरुजींना विचारलं, हे तुम्ही असंच लिहिलं होतं का? ते म्हणाले, "लिव्हलं व्हतं मी बी सरळच. मग पुण्याच्या सायबांनी दुरुस्त करून पाठवलं. म्हणले, वाचकाला बोचू नये. मला वाटलं, त्यायला जास्त कळतं."

हे ऐकून सर हलले असतील असं कुणाला वाटेल. ते म्हणाले, "म्हणजे ते वाक्य दोन्ही अर्थांनी त्यांचंच आहे. पुढं सांगा."

पण सगळे रविवार असे नव्हते. बहुतेक रविवारी नुसती रखडपट्टी. गुरुजींनी आयुष्यभर त्याच गोष्टी त्याच शब्दांत सांगितल्या होत्या, सत्कारात, शाळांमधून, नातवंडांना. बोलता बोलता ते जुन्या वाक्यावर घसरायचे, आणि सर पेन्सिल वर करायचे. गुरुजी चिडून म्हणायचे, "आवो, पावसाला पाऊस म्हणू का नको? का ते बी त्यायचंच हाय?" सर शांतपणे सांगायचे, "पाऊस म्हणा. पण 'पावसाने आमची परीक्षा घेतली' म्हणू नका. ते त्र्याहत्तराव्या पानावर आहे." एका रविवारी तर आम्ही एवढा प्रवास करून एक परिच्छेद घेऊन परतलो. घाटात बस बंद पडली, उन्हात उभी राहून मी मनात दोघा-तिघांना शिव्या घातल्या. प्रकाशक त्यात पहिला होता, पण एकटा नव्हता.

मग तो रविवार आला. गुरुजी लग्नानंतरच्या दिवसांवर आले. घसा साफ करून म्हणाले, "या सगळ्या वाटचालीत मला पत्नीची मोलाची साथ लाभली."

पेन्सिल वर गेली. "हे वाक्य प्रकाशकाचं आहे, गुरुजी."

"बरं. माझ्या बायकोनं मला लई साथ दिली."

"शब्द बदलले. वाक्य तेच आहे."

"मग काय सांगू?"

"काय झालं ते."

गुरुजी खाटेची दोरी बोटानं चाचपत राहिले. मी मान खाली घालून वाट बघत होते. मला आठवतंय, उंबऱ्यातला सुपाचा आवाज थांबला होता.

आजी म्हणाल्या, "सांगा की. का माझं काय बी नाय सांगण्यासारखं?"

"तसं नाय..."

"मी वाचलं व्हतं तुमचं पुस्तक," आजी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. सूप मांडीवरच होतं. "ते पार्सल आलं तवा तुमी सगळ्या गावाला वाटत गेले. मी दुपारी भिताडाला टेकून वाचलं. पहिल्या पानापासून. मी माझीच वाट बघू लागले. म्हणलं, आता येईल, आता येईल. एका ओळीत येऊन गेले."

गुरुजींनी मान वर केली. "कधी बोलली नाय."

"तुमी कधी इचारलं?"

सर स्टुलावर अवघडून बसले होते. ते काही म्हणाले असते तर मी त्यांना उठवून बाहेर नेलं असतं.  गुरुजी खाटेवर सरकले, बाजूला जागा केली आणि म्हणाले, "ये, बस. मी चुकलो तर सांग."

आणि मग त्या दोघांनी मिळून सांगितलं. गावात मुली शाळेला येत नव्हत्या. आया म्हणायच्या, एकट्या गुरुजीपाशी पोर कशी धाडावी. मग आजी, तेव्हा विशीतल्या, तान्ही लेक कडेवर घेऊन झाडाखाली शेवटच्या रांगेत येऊन बसायला लागल्या. बाई बसते म्हटल्यावर एक मुलगी आली. मग तिची बहीण. "पाच पोरी झाल्या," गुरुजी म्हणाले. "सा," आजी म्हणाल्या. "कोपऱ्यातली मुकी पोरगी तुमी कधीच मोजली नाय." आजींना अक्षर येत नव्हतं. मुलींसाठी बसता बसता त्याच शिकल्या. पाटी नव्हती, मातीत काडीनं गिरवायच्या. गुरुजींना ते पहिल्यांदा कळलं ते एका रात्री, भाकरी गुंडाळलेल्या कागदावरचं नाव आजींनी वाचून दाखवलं तेव्हा. "मला लई राग आला व्हता," गुरुजी म्हणाले. "म्हणलं, मला न सांगता शिकली." "आन् मग?" आजी. "मग रडलो," गुरुजी म्हणाले. हे सांगताना ते आमच्याकडे नाही, आजींकडे बघत होते.

त्या दुपारी सरांची पेन्सिल एकदाही वर गेली नाही. मी टाइप करत राहिले, आजींचा चहा करायचा राहिला तो राहिलाच.

पावसाळ्याच्या तोंडाशी पुस्तक पूर्ण झालं. गुरुजींची बोली होती तशी ठेवली, व्हतं-म्हणलं, हाय-नाय सगळं. सरांनी जुन्या पुस्तकाशी ओळ न् ओळ ताडून पाहिली आणि मगच वेबसाइटवर ठेवलं. मुलांनी वाचलं. सोयगावच्या मुलांनी आईबापांना वाचून दाखवलं. परीक्षेच्या पेपरला आमच्या एका मुलीनं मोहाच्या झाडाखालच्या शेळीबद्दल लिहिलं आणि तपासणाऱ्यानं 'हे मूळ पुस्तकात नाही' असा शेरा मारला, तो भाग वेगळा.

आणि अर्थातच पुण्याहून मेल आला. आमच्या पुस्तकाची नक्कल तात्काळ हटवावी. सरांना इतकं आनंदात मी फक्त एक जानेवारीला पाहिलं होतं. जुनं पुस्तक आणि नव्याची प्रिंट घेऊन ते पुण्याला गेले, मला ओढत. त्या मुलासमोर दोन्ही ठेवली आणि म्हणाले, "एक वाक्य सारखं दाखवा. मी इथून फोन करून पुस्तक काढायला सांगतो."

त्यानं वाचायला सुरुवात केली. आधी वाक्यं शोधत होता, दोन्हीकडे बोट ठेवून. हळूहळू जुन्या पुस्तकावरचं बोट निघालं. चहा आला, गार झाला. आजींच्या प्रकरणावर तो बराच वेळ होता. शेवटी मान वर करून म्हणाला, "हे जास्त चांगलं आहे."

"हो," सर म्हणाले.

"आम्ही छापू का?"

मी सरांकडे बघितलं. ते म्हणाले, "इजाजत गुरुजींची लागेल."

"अर्थात. फक्त सगळे हक्क आमच्याकडे द्यावे लागतील. आणि वेबसाइटवरचं तेवढं काढा. दोन्ही कसं चालेल?"

त्याच्यासाठी ते अगदी साधं बोलणं होतं. इतके दिवस ज्याच्यावर चिडले होते त्या माणसाचा मला तेव्हा राग आला नाही, थकवा आला.

पुढच्या रविवारी आम्ही हे सांगायला सोयगावला गेलो. सरांनी दुसराही मार्ग लिहून नेला होता. गुरुजींनी हक्क स्वतःकडे ठेवावेत आणि पुस्तक सगळ्यांना कायमचं खुलं करावं, असा दीड पानी मसुदा. सरांनी तो अंगणात उभं राहून वाचला. त्यात 'पुनरुत्पादन' होतं, 'तदनुषंगिक' होतं, 'यावच्चंद्रदिवाकरौ' नव्हतं एवढंच. गुरुजींना छापील पुस्तकाचा मोह होता. साहजिक होतं, फोनवरचं पुस्तक हातात धरता येत नाही. ते आजींकडे वळले. "तू सांग. अर्धं तुझं हाय."

आजी म्हणाल्या, "छापायचं तर छापू द्या कुणाला बी. पर कुणी वाचायला मागितलं तर नाय म्हणायचं नाय."

सरांनी हातातल्या मसुद्याकडे बघितलं. मग तो चौकोनी घडी करून खिशात ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "हे तुमचं वाक्य पुस्तकाच्या पहिल्या पानावर टाकायला इजाजत आहे का?"

आजी हसल्या. "वाक्याला कसली इजाजत, सायेब? टाका की."

"तसं नाही. आहे की नाही, सांगा."

गुरुजी म्हणाले, "आवो, टाका म्हणली ना ती." मी म्हटलं, "सर, बसची वेळ झाली." सर जागचे हलले नाहीत. हात मागं बांधून, शाळेतल्या मुलासारखे, आजींच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. आजींचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी पदर सारखा केला, हातातलं काम खाली ठेवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणी काही विचारावं तसा थोडा विचार केला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "हाय इजाजत."

मग सरांनी पेन काढलं. आमची बस तेवढ्यात गेली.